स्लॅबवरची पांढरी माती

शेलूबाजारच्या मोटार-शेडचा तो ढिगारा अजून डोळ्यांपुढून हलत नाही. एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट, मी तिथे फौजदार होतो. खासगी मोटारी उभ्या करायची जुनी सिमेंटची शेड भर श्रावणात कोसळली आणि खाली एक तरणा ड्रायव्हर ठार झाला. शेडचा म्हातारा चौकीदार हा त्याचा बाप.

उन्हाळ्यातच मंगरूळपीरच्या एका मिस्त्रीने ती गळकी स्लॅब दुरुस्त केली होती. बापाने ठाण्यात येऊन त्याचंच नाव घेतलं. "यानं सिमिट खाल्लं साहेब. माह्या पोराले यानंच मारलं."

सिमेंट तेव्हा परमिटवरच मिळे आणि काळ्या बाजारात खपे, त्यामुळे गावाला ते लगेच पटलं. मी मिस्त्रीला अटक केली.

चौकशीत तो एकच सांगे, "साहेब, वरची सारी माती खरडली, चुन्याचा कोबा केला, पाण्याले उतार देल्ला. मी काहून मारीन कोनाले?"

असं तर ठाण्यात सगळेच म्हणतात. मी काही विरघळलो नाही. पण स्लॅबवर माती कसली, हे डोक्यातून जाईना. त्यातच खबऱ्याने सांगितलं, की पावसाच्या तोंडावर कुंभाराची गाढवं शेडपाशी माती टाकून गेली होती. मी ढिगारा पुन्हा उपसायला लावला. कोब्यावर पांढऱ्या मातीचा जाड, ओलागच्च थर होता आणि पन्हळी त्याच मातीने बुजल्या होत्या.

चौकीदाराला बोलावून विचारलं, माती कोणी टाकली?

"म्या," तो सरळ म्हणाला. "दरसाल टाकतो. मिस्त्रीनं छत बोडकं ठेवलं होतं, पावसात गयलं नसतं का? घरच्या धाब्यावर टाकतो तशीच टाकली. यंदा तं जास्तीच."

आमच्याकडच्या धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या घराला ही माती पावसापासून जपते. इथे तिने पाणी धरून ठेवलं आणि ते ओझं स्लॅबला पेललं नाही. मी हे समजावून सांगितलं, सांगावंच लागलं. म्हातारा मटकन खाली बसला.

कोठडीतून आणवलेला मिस्त्री तिथेच उभा होता. आता हा त्याला शिव्या घालणार, असं मला वाटलं. त्याने म्हाताऱ्याला दंडाला धरून उठवलं.

"बाबा, आतलं लोखंडच सडलं होतं. माती नसती टाकली तरी पडलंच असतं ते."

लोखंड सडलेलं नव्हतं. मी स्वतः पाहिलं होतं, त्यालाही माहीत होतं. पुढे अशा कुठल्याही प्रकरणात वैरी शोधण्याआधी, जी वस्तू मोडली तिला जीव कोण लावत होतं, हे मी विचारू लागलो. पंचनाम्यात मी खरं तेच लिहिलं. पण त्या दिवशी ठाण्यात माझ्यासमोर एक माणूस धडधडीत खोटं बोलला आणि मी त्याला अडवलं नाही.