राहणीमान बरे आहे

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा आमच्या वस्तीत पेढे वाटले होते. आता उस्मानाबादचे हेलपाटे संपले, आपल्या पोरांना नोकऱ्या लागणार, असं जो तो म्हणायचा. एक-दोघांना लागल्याही. त्यातलाच एक निलंग्याच्या तहसिलीत कारकून झाला. निराधार योजनेच्या अर्जांची चौकशी त्याच्याकडे होती. आमच्याच समाजातला. विहारात त्याचा सत्कार झाला, तेव्हा हार माझ्या मायनं गुंफला होता.

वडील गेले आणि पाठोपाठ दुष्काळ पडला. आम्हाला शेत नव्हतंच. माय दुसऱ्यांच्या रानात राबायची, ती रानंच करपली. निराधाराचं अनुदान मंजूर झालं असतं तर आम्हा मायलेकींच्या भाकरीचा प्रश्न सुटला असता आणि माझी शाळा टिकली असती. अर्ज देऊन माय तहसिलीत खेटे घालत राहिली. कधी साहेब जेवायला गेलेले, कधी शिक्का मारणारा रजेवर. शेवटी निरोप आला की चौकशीला तो कारकून स्वतः येणार आहे.

"आपला मानूस येनार हाय," माय हरखून म्हणाली आणि कामाला लागली.

टँकरचं घागरभर पाणी तिनं सारवणात घातलं. मी कुरकुरले तर म्हणाली, "प्यायला मागून आनता येतंय. मानूस घरी येनार अन् घर उकिरड्यावानी ठिवू का?" शाळेच्या गुरुजींकडून खुर्ची आणली, शेजारणीकडून कपबशी, साखर आणि दूध. ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसली. ही आमच्या माणसांची खोडच आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी घाणेरडे म्हणून हिणवलं. त्यामुळे कुणी दारात येणार म्हटलं की आम्ही आधी स्वच्छ दिसायला धडपडतो. गरीब दिसायचं राहूनच जातं.

तो आला. जयभीम घातला, खुर्चीवर बसला, फुर्र करून चहा प्याला. "मावशी, घर लई टापटीप ठिवलंय की," म्हणाला. मायचा चेहरा उजळला. पिठाच्या रिकाम्या डब्याकडे त्यानं पाहिलंही नाही. जाताना म्हणाला, "काळजी करू नका. मी हाय न्हवं?"

अर्ज नामंजूर झाला. राहणीमान बरे आहे, अर्जदार निराधार दिसत नाही, असा शेरा होता.

मी वाचून दाखवलं तर मायला खरंच वाटेना. दुसऱ्या दिवशी आम्ही निलंगा गाठलं. तिला पाहून तो आधी कागदांत डोकं खुपसून बसला. मग हळूच म्हणाला, "मावशी, वरचे लोक विचारतेत, आपल्याच लोकांचे अर्ज का पास करतोस? नवी नौकरी हाय. अन् तुमचं घर तसं नीटनेटकं हुतं. मी खोटं लिवायचं का?"

"खोटं कशाला, लेकरा?" माय म्हणाली. "रात्री काय खाल्लंस, एवढं इचारायचं हुतं. मी खरं सांगितलं असतं."

त्यानं पुन्हा कागद पुढ्यात ओढले. शेजारच्या टेबलावरचा कुणीतरी हसला. मला त्या क्षणी ह्या आमच्या माणसाचं टेबल उलथून टाकावंसं वाटलं. परका असता तर इतकं लागलं नसतं. परक्याकडून आम्ही कधी अपेक्षाच ठेवली नव्हती.

पुढच्या आठवड्यापासून माय रोजगार हमीच्या तलावावर मुरूम वाहायला जायला लागली. मी शाळा सोडून तिच्याबरोबर जात होते. एकदा पाहणीला साहेब आले, त्यांच्या मागं तोही होता. बायांनी रांगेनं हात जोडले. तो मायसमोर थांबला आणि म्हणाला, "मावशी, पुन्हा अर्ज करा. ह्या वक्ताला घर सारवू नका, फाटकं नेसा. मी बघतो."

मायनं डोक्यावरचं टोपलंही खाली ठेवलं नाही. "बाजूला हो," म्हणाली, आणि भराव चढून गेली.

तिनं पुन्हा अर्ज केला नाही. मी मात्र कितीतरी वर्षं म्हणत राहिले की करायला हवा होता.