प्रौढ गटातला एकुलता एक

मी स्वभावानं संशयी नाही. अठरा वर्षं मला संशय घेण्याचा पगार मिळत होता, एवढंच.

देवास म्हणजे तेव्हा एकाच गावात दोन राज्यं. थोरली पाती आणि धाकटी पाती. मी धाकट्या पातीच्या जकात नाक्यावर कारकून होतो. गाडीत गवत दिसलं की खाली गूळ आहे असं धरून चालायचं, आणि बाईच्या कडेवर मूल दिसलं की ते मूलच आहे ना हे बघायचं, ही माझी नोकरी. (एकदा तो तुपाचा डबा निघाला. टोपडं घातलेला.) पुढे संस्थानं विलीन झाली, मध्यभारत आलं, नाका उठला आणि मला कचेरीत एका खुर्चीवर बसवण्यात आलं. तिथे संशय घेण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून मी तो घरी घेऊन येऊ लागलो.

आमची सुमन तेव्हा एकोणीस वर्षांची, मॅट्रिक होऊन कन्याशाळेत शिकवत होती. तिच्या आईच्या मते मी तिच्यासाठी स्थळंच बघत नव्हतो. हे साफ खोटं आहे. मी तीन स्थळं बघितली होती. पहिला मुलगा फार कमी बोलला, म्हणजे काहीतरी लपवत होता. दुसरा मोकळेपणानं बोलला, म्हणजे नक्कीच लपवत होता. तिसऱ्यात मला काही खोट सापडेना, तेव्हा मात्र मी घाबरून उठून आलो. त्यानंतर हिनं माझ्यापुढे तो विषय काढायचं सोडून दिलं.

अशात कचेरीच्या फळ्यावर एक पत्रक लागलं. हनुमान जयंतीला धारला मलखांबाच्या स्पर्धा होणार होत्या. सगळ्यात खाली बारीक अक्षरात एक ओळ होती: ‘चाळिशी उलटलेल्या नवशिक्यांसाठी स्वतंत्र गट. तालमीची शिफारस आवश्यक.’

ती ओळ मी चारदा वाचली. लहानपणी मी तालमीत जायला लागलो त्याच महिन्यात मला विषमज्वर झाला आणि वडिलांनी मला खांबावरून उतरवून मोडी गिरवायला बसवलं. माझे सोबती वर चढले, लोकांनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी आजवर कोणी टाळी वाजवलेली नव्हती. नाक्यावरच्या कारकुनासाठी कोण वाजवणार? मला चव्वेचाळिसावं लागलं होतं. मरायच्या आधी एकदा तरी चार माणसांनी माझ्यासाठी टाळी वाजवावी, असं मला फार फार वाटलं. घरी मात्र मी हे बोललो नाही. हिनं हसत हसत सगळ्या आळीला सांगितलं असतं.

आधी थोरल्या पातीच्या तालमीत गेलो. तिथल्या वस्तादांनी मला लगेच ओळखलं. मलखांबाला चोपडायच्या त्यांच्या एरंडेलाच्या डब्यावर मी एकाच वर्षात दोनदा जकात घेतली होती. राज्यं गेली तरी पात्या गेल्या नव्हत्या. मी त्यांच्या तालमीतल्या उड्या चोरून धाकट्या पातीला नेणार, याबद्दल त्यांची खात्रीच होती. चव्वेचाळीस वर्षांचा चष्मेवाला हेर! संशय अगदी पक्का होता, मला मनापासून आवडला, पण प्रवेश मिळाला नाही.

मग आमच्याच धाकट्या पातीच्या तालमीत गेलो. तिथले वस्ताद माळव्यातलेच. त्यांनी माझ्या दंडाला एका बोटानं दाबून पाहिलं आणि बोट पुसलं.

“भिया,” ते म्हणाले, “इस उमर में आदमी नेमावर जाता है, नर्मदाजी में डुबकी मारता है. खंबे पे काय को लटकते?”

मी घरी आलो.

पण नशिबात लटकणं होतं. महिन्याभरात माझी बदली धारच्या कचेरीत झाली. सुमनची शाळा होती, म्हणून बिऱ्हाड देवासलाच ठेवून मी एकटा धारला खोली घेऊन राहिलो. दर रविवारी देवासला जायचो. धारला तिसऱ्याच दिवशी मी आबा वस्तादांच्या तालमीत गेलो आणि दारातच सांगून टाकलं की मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे, देवासचा आहे आणि मला मलखांब शिकायचा आहे.

आबांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग हसले. मग मला बसायला खुर्ची दिली.

तालमीत खुर्ची! तिथेच माझे कान उभे राहिले. तालमीत नवा गडी आला तर त्याला माती उकरायला लावतात. मला कपबशीतून चहा आला. आबांनी विचारलं, घरी कोण कोण असतं? मी म्हटलं, बायको, एक मुलगी, दोन मुलगे. मुलगी किती वर्षांची? एकोणीस. आबांनी मान डोलावली. मग त्यांनी आमचं कुळ विचारलं, मूळ गाव विचारलं आणि शेवटी देवक विचारलं. देवक म्हणजे आमच्या कुळाचं पूज्य झाड. मी जरा चमकलो. मग उलगडा झाला: मलखांब सागाचा. माझं देवक साग निघालं तर मला त्याच्यावर पाय ठेवता येणार नाही, म्हणून माणूस आधीच विचारून घेतोय. आबांच्या दूरदृष्टीचं मला कौतुक वाटलं.

तरी एवढा आदर फुकट मिळत नसतो, हे अठरा वर्षांत शिकलो होतो. तालमीत काहीतरी काळंबेरं असणार. म्हणून मीही चौकशी सुरू केली. इथे येणारी मुलं काय करतात? विडीकाडीचं व्यसन कोणाला आहे? कोणाच्या घरी काय, बाप काय करतो? मी हे सगळं खिशातल्या छोट्या वहीत टिपून घेत होतो. नाक्यावरची सवय. आबा प्रत्येक प्रश्नाला न कंटाळता उत्तर देत होते. एकेका मुलाला हाक मारून माझ्यासमोर उभं करत आणि सांगत, हा मधू, इंटर झालाय, पोस्टात आहे. हा शंकर, कुक्षीला त्यांची शेती आहे, विहीर आहे. हा माझा पुतण्या विनायक, शाळेत मास्तर आहे, सुपारीसुद्धा खात नाही. गंमत म्हणजे तालमीत लग्न झालेलेही सात-आठ जण होते, पण त्यांची ओळख मला कोणी करून दिली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी गेलो की मुलं वेड्यासारखी खांबावर उड्या मारायची. मधू उलटा लटकून माझ्याकडे बघत नमस्कार करायचा. शंकरची आई दह्याची लोटी पाठवायची. (मी ती आधी मांजराला चाखवली.) मला मात्र खांबाला कोणी हात लावू देईना. “तुम्ही बसा हो, नुसतं बघा,” आबा म्हणायचे. शेवटी आठव्या दिवशी मी कपडे काढले, लंगोट लावला आणि खांबाला मिठी मारली. आबा कोणाला तरी हळूच म्हणाले, “माणूस पक्का आहे. जवळून बघतो.”

मला वाटलं, मी खांब जवळून बघतोय म्हणून म्हणाले.

दोन महिने मी घासलो. गुडघे सोलले, छाती सोलली, एरंडेलाच्या वासानं जेवण जाईना. शेवटी एवढं जमलं की सलामी देऊन वर जायचं, खांबाच्या मानेपाशी पायांची कैची घालायची, एक हात सोडून दाखवायचा आणि उतरायचं. खाली सांभाळायला एक माणूस लागतो. मी आबांना सांगितलं की मला विनायक द्या. घाई करत नाही, हात घट्ट आहेत, पडलो तर तोंड फिरवणार नाही. आबांनी माझे दोन्ही हात धरले, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि संध्याकाळी तालमीत पेढे वाटले गेले. स्पर्धेत नाव गेलं म्हणून पेढे वाटणारी तालीम मी प्रथमच पाहत होतो. मी पेढा फोडून आत काही आहे का ते बघितलं.

देवासलाही काहीतरी शिजत होतं. मी रविवारी गेलो की ही मला गरम पाणी द्यायची, पाठीला तेल लावून द्यायची आणि एरंडेलाच्या वासाबद्दल चकार शब्द काढायची नाही. माझ्याबरोबर धारच्या मंडळींसाठी म्हणून लाडवांचा डबा द्यायची. मी विचारलं, कोणत्या मंडळींसाठी? ती म्हणाली, “तुमचं काम चालू द्या. मी काही विचारत नाही.” बावीस वर्षांच्या संसारात तिनं काही विचारलं नाही, असं हे पहिल्यांदाच घडत होतं. मी रात्रभर जागा राहिलो, पण काही लक्षात आलं नाही.

हनुमान जयंतीला तालमीपुढच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. लहान मुलं झाली, मोठी झाली, आणि मग कर्ण्यातून पुकारा झाला, प्रौढ गट. प्रौढ गटात मी एकटाच होतो. (बाकीचे प्रौढ बहुधा नेमावरला गेले असावेत.) विनायक खांबाखाली उभा राहिला. मी सलामी दिली आणि चढलो. मानेपाशी पोहोचलो, कैची घातली, डोळे उघडले आणि गर्दीकडे पाहिलं.

पहिल्या रांगेत गालिच्यावर ही बसली होती. पैठणी नेसून. शेजारी तिचा भाऊ, हातात नारळ. पलीकडे मान खाली घालून आमची सुमन. आणि सुमनच्या अंगावर शालू घालून, तिच्या पाठीवरून हात फिरवत, आबांची बायको!

अठरा वर्षांच्या नोकरीत जे कधी झालं नाही ते त्या क्षणी झालं. सगळे धागे एकदम जुळले. खुर्ची, देवक, दही, पेढे, लाडू. सगळ्या धारला ठाऊक होतं की देवासचा एक बाप मलखांबाच्या मिषानं नवरामुलगा पारखायला आलाय. आबांनी देवासला रीतसर चौकशीचं पत्र पाठवलेलं होतं, हिनं रीतसर उत्तर दिलेलं होतं, सुमन आणि विनायक यांची बघाबघीही झालेली होती. फक्त बापाला पत्ता नव्हता.

मी गारठलो. हात खांबाभोवती असे आवळले गेले की सुटेनात. गाल खांबाला चिकटला होता, तोंडातून शब्द फुटेना. एक मिनिट गेलं. दोन गेली. गर्दीत कुजबुज सुरू झाली. मग कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, मुलीचा बाप अडून बसलाय.

ही उठून उभी राहिली. “अहो, खाली या. मुलगा पसंत आहे सगळ्यांना.”

मला मान हलवता येत नव्हती. लोकांना वाटलं, नकार.

आबा पुढे आले. त्यांनी पागोटं सारखं केलं आणि वर बघून जाहीर केलं की हुंडा नको. मी गप्प. आबांनी जरा विचार करून लग्न देवासला, मुलीच्या दारात, असं सांगितलं. मी गप्प. घाम डोळ्यांत जात होता म्हणून मी फक्त डोळे मिटले. ते बघून आबांचा धीर सुटला आणि त्यांनी अर्धा खर्च स्वतःकडे घेतला. हिचा भाऊ पुढे माझ्याबद्दल जन्मभर सांगत असे की असा सौदा करणारा माणूस त्यानं दुसरा पाहिला नाही.

शेवटी विनायक खालून हळूच म्हणाला, “काका, श्वास सोडा. मी आहे.”

मी श्वास सोडला. पुढचं काम एरंडेलानं केलं. मी खांबावरून सरळ त्याच्या अंगावर आलो आणि आम्ही दोघं मातीत बसलो. आणि मग टाळ्या! अख्खं मैदान उठून टाळ्या वाजवत होतं. शंकरची आईसुद्धा वाजवत होती, आणि तिचं तर दही वाया गेलं होतं.

निकाल लागला तेव्हा मला दुसरा क्रमांक मिळाला. मी आबांना विचारलं की गटात मी एकटा, मग पहिला कोण? आबा म्हणाले, पहिला कोणी नाही. आता आम्ही मुलाकडचे झालो, पहिला दिला असता तर लोकांनी पक्षपात म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी देवासच्या मोटारीत ही आणि तिचा भाऊ पुढे बसून लग्नाची यादी करत होते. मी आणि सुमन मागे. माझं मन मात्र टाळ्यांत अडकलं होतं. त्या माझ्या होत्या का? का हुंडा वाचवणाऱ्या वधूपित्याच्या? जन्मभर एका टाळीची वाट पाहिली आणि आली ती अशी, दुसऱ्याच कोणाच्या नावावर. मला खरंच रडू येत होतं. सुमननं ते ओळखलं असावं.

“नाना,” ती म्हणाली, “बाकीच्यांनी तुम्ही उतरलात म्हणून वाजवल्या. मी तुम्ही वर पोहोचलात तेव्हाच वाजवली. एकटीनं. मान खाली होती, पण वाजवली.”

मी तिचा हात हातात घेतला, चष्मा पुसला, आणि विचारलं, “साक्षीला कोण होतं?”

सुमननं खिडकीबाहेर बघत विनायकचं नाव सांगितलं. आता तो पडला घरचा जावई. त्याची साक्ष मी कशी धरायची?