दोनशे चाळीसावं पान

विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी आम्ही काही वाचणारी माणसं क्लबहाउसमध्ये जमतो. नवीन काय आलंय, कोण काय वाचतंय, एवढंच बोलायचं. नियम एकच. पुस्तकाबद्दल बोलण्याआधी ते वाचत असलेल्या प्रत्येकाला पान विचारायचं आणि सगळ्यात मागे असलेल्याच्या पुढचं काही सांगायचं नाही.

गेल्या महिन्यात एक नवी कादंबरी निघाली होती. घर सोडून गेलेल्या मुलाची आई वाट बघते, अशी गोष्ट. आमच्यात ती वाचणारे दोघेच. एक खालच्या मजल्यावरच्या काकू आणि दुसरे हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये पंचवीस वर्षं काढून निवृत्त झालेले एक गृहस्थ. काकूंची नजर अधू होत चाललीय. छापील अक्षर दिसत नाही, म्हणून मुलीने टॅब दिलाय. त्यावर अक्षरं बोराएवढी करून त्या रोज थोडं वाचतात.

"काकू, कितवं पान?" गृहस्थांनी विचारलं.

"दोनशे चाळीस."

"अरे वा, मग दोनशे तिसाव्या पानावरचं कळलंच की." आणि त्यांनी सांगून टाकलं. तो मुलगा इतकी वर्षं त्याच गावात, चार गल्ल्या सोडून राहत असतो आणि आईला ते कळलेलं नसतं.

"मी अजून तिथे आले नाही हो," काकू म्हणाल्या.

मी त्यांचा टॅब घेऊन पाहिला. खाली आकडा होता, नऊशे दहापैकी दोनशे चाळीस. गृहस्थांसमोरचं छापील पुस्तक तीनशे बारा पानांचं. म्हणजे काकू जेमतेम ब्याऐंशीव्या पानावर होत्या. अक्षर मोठं केलं की पानं वाढतात, हे शाळेतलं पोरही सांगेल. जन्मभर संगणकासमोर बसलेल्या माणसाला ते सुचलं नाही.

"मी नियम मोडलेला नाही," गृहस्थ म्हणाले. "पान विचारलं होतं."

"विचारलंत. उत्तर मात्र आपल्या पुस्तकात शोधलंत," मी म्हणालो.

"मग नियमात तसं स्पष्ट हवं होतं."

कोणीतरी चहा ओतता ओतता "जाऊ द्या, कादंबरीच आहे" म्हणालं. माझं डोकं आणखी तापलं. गृहस्थ काकूंकडे वळले. "असं करू, पुढचं पुस्तक मी तुम्हाला घेऊन देतो."

"पुढच्याचं डॉक्टर काही सांगत नाहीत," काकू म्हणाल्या. "हे वाचून होईल म्हणालेत."

यावर गृहस्थांनी बिस्किट घेतलं.

संध्याकाळी ग्रुपवर त्यांचा मेसेज आला. यापुढे पानाऐवजी किती टक्के वाचून झालं ते विचारावं. सगळ्यांनी अंगठे दिले. सूचना बिनचूक होती, मला एरवी आवडली असती. पण काकूंसाठी त्यात एक शब्द नव्हता. मी अंगठा दिला नाही.

दोन-तीन दिवसांनी काकूंकडे गेलो. टॅब मांडीवर होता.

"वाचताय?"

"वाचतेय की. सोडून कसं देऊ?" त्यांनी पान सरकवलं. "आधी मी त्या आईबरोबर वाट बघत होते. कुठे दार वाजलं की माझाही जीव वरखाली व्हायचा. आता ती एकटीच उठून दार उघडते, आणि मला नुसती तिची कीव येते."

त्यांनी टॅब डोळ्यांजवळ धरला. त्यांच्या वाचण्यात आपली अडचण नको म्हणून मी उठलो.