सरकारी वाघाला शेंदूर

आमच्या ओसरीवर एक वाघ पाहुणा येऊन गेला आणि त्याच्या कृपेने मी हेडमास्तर झालो.

वाघ मेलेला होता, हे आधीच सांगून टाकतो. पोटात भुसा, डोळ्यांत काच आणि शेपटी तारेने बांधलेली. राज्यांची फेररचना होऊन नागपूर तिकडे गेलं आणि आमचं सौंसर इकडे मध्य प्रदेशात राहिलं, त्या सुमाराची ही गोष्ट. नव्या राज्याचे नवे साहेब सारखे काहीतरी शिकवायला येत. कधी खत, कधी सफाई. त्या वर्षी कुठल्याशा अजबघराचे, म्हणजे वस्तुसंग्रहालयाचे, साहेब शाळेच्या पोरांना वन्य प्राण्यांचं रक्षण शिकवायला आले. (त्यासाठी आणलेला वाघ गोळी घालून मारलेला होता, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. मी तर शिकलेला माणूस!)

मी त्या शाळेत मास्तर. हेडमास्तरांची जागा रिकामी होणार होती आणि ती मला हवी होती. म्हातारी माय, बायको, संत्र्याची झाडं, सगळं सौंसरातच. कार्यक्रम बघायला तपासनीस साहेब येणार आणि तो नीट झाला की खुर्ची माझी, असं त्यांच्या चपराशाने मला कानात सांगितलं होतं. सकाळी ट्रकमधून वाघ उतरला, शाळेची खोली उघडली, तर आत बकऱ्या बसलेल्या. मी छाती पुढे काढून म्हणालो, "साहेब, दुपारपर्यंत वाघ माझ्या घरी ठेवा. केसालाही धक्का लागणार नाही."

आता, माझी माय मोहगावची. तिच्या माहेरच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वाघोबाचा शेंदरी दगड आहे. त्याला नारळ फोडल्याशिवाय तिच्या घरचं कोणी कापूस वेचायला वावरात पाय ठेवत नाही. म्हणून मी तिला बजावून सांगितलं, "माय, हा सरकारी वाघ आहे. याला हात लावू नको."

"सरकारी असो का कोणाचा असो," ती म्हणाली, "वाघ तो वाघच नं?"

मी हसलो. अडाणी बाई, म्हटलं, आणि पोरांकडून घोषणा घोकून घ्यायला शाळेत निघून गेलो. 'वाघाला मारू नका, वाघाला छळू नका, वाघ आपला सोबती!' चौथीची पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती. एवढं मन लावून त्यांनी कधी पाढेही म्हटले नव्हते.

दुपारी दोन्ही साहेबांना घेऊन आमच्या गल्लीत शिरलो. मागून पोरं. पाहतो तर माझ्या दारापासून कोपऱ्यापर्यंत बायांची रांग, आणि आत घंटा वाजतेय.

मायने देवाला आधी आंघोळ घातली होती, चांगली बादलीने. भुसा भिजून पोट असं फुगलेलं की वाघ गाभण दिसत होता. त्यावर तेलात कालवलेला शेंदूर, मिशांपासून शेपटीपर्यंत. केसाला धक्का लागला नव्हता, हे मात्र खरं. सगळे केस जागच्या जागी चिकटून बसले होते. चोळता चोळता एक काचेचा डोळा निखळला, तर तिथे मातामाय देवीला वाहायला घेऊन ठेवलेला चांदीचा डोळा तिने मेणाने बसवला होता. त्यामुळे वाघ एका डोळ्याने साहेबांकडे बघत होता आणि दुसऱ्याने माझ्याकडे.

"ये क्या किया?" अजबघराचे साहेब ओरडले.

"पूजा करून राहिली बाप्पा," माय म्हणाली. "दारात आला, त्याले कोरडा ठेवू का? जोडे काढा आधी."

"माय, आत जा तू," मी दातओठ खात म्हणालो. "माझी नोकरी जाईल."

"तेच तं बोलली त्याले. पोराले हेडमास्तर कर म्हणून नवस केला म्या. तू काऊन बोंबलून राहिला?"

साहेबांनी रॉकेल आणि चिंध्या मागवल्या. ट्रकचा ड्रायव्हर पुढे झाला, तशी चौथीची पोरं पळत जाऊन वाघासमोर आडवी उभी राहिली. "वाघाला छळू नका!"

"अरे, तो हा वाघ नव्हे रे," मी म्हणालो.

"मंग कोणता, गुरुजी?"

तेवढ्यात त्यांच्यातला एक म्हणाला, "अन् मारू नका म्हणता, तं ह्याले कोणी मारलं?"

अजबघराच्या साहेबांनी खुलासा केला की वाघ एका जुन्या बड्या साहेबांनी मारला, ज्ञानाच्या प्रसारासाठी. हे ऐकून रांगेतल्या बाया त्यांच्याकडे अशा पाहू लागल्या की त्यांनी मुकाट्याने जोडे काढले. फाटक्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. त्याच अवस्थेत, माझ्याच ओसरीसमोर, त्यांनी वन्य प्राण्यांच्या रक्षणावर भाषण केलं. कोणी ऐकलं नाही. तपासनीस साहेब मात्र पोचलेला माणूस. त्यांनी रांग पाहिली, स्वतः नारळ फोडला, खोबरं खाल्लं आणि मला म्हणाले, "मास्तर, वन्य प्राण्यांची तुम्हाला फार कळकळ दिसते."

मी फुगलो. लाल वाघाला बायांनी भजन म्हणत वेशीपर्यंत पोचवलं, त्यात टाळ कुटणारा मीही होतो.

महिनाभरात हुकूम आला. मायचा नवस फळला, मला हेडमास्तर केलं होतं. छिंदवाड्यापलीकडे, भर जंगलातल्या एका गावच्या शाळेत, जिथे दुसरा मास्तरच नव्हता. मला रडू आलं. मायलाही आलं, पण तिने पिशवीत शेंदराची पुडी टाकली. "फेक ते," मी ओरडलो. "तुझ्या या शेंदरानेच माझा सत्यानाश केला." तिने काही फेकली नाही, उलट पिशवीच्या तळाशी खोचली.

मोटारीतून उतरल्यावर पुढची वाट पायी होती. सामान घ्यायला आलेला कोतवाल झपाझप चालत होता. मी म्हटलं, जरा हळू.

"हळू नाही चालत गुरुजी इथं. या वेळेले तो पाण्यावर येते."

"कोण तो?"

त्याने वाटेच्या कडेला एका शेंदरी दगडासमोर थांबून हात जोडले. मी पिशवी खाली ठेवली, जोडे काढले आणि पुडी शोधायला लागलो. शेंदूर दोन्ही हातांनी लावला, आणि नारळ आणला नाही म्हणून दगडाची माफीही मागितली. हेडमास्तर म्हणून माझं पहिलं कामकाज ते.