सोयाबीनच्या शेंगा

आई गेल्याचा भावाचा फोन आला तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. जर्सी सिटीतल्या फ्लॅटमध्ये मी एकटीच, ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये होते. तिकडे नागपुरात रात्र होती. अंत्यविधी सकाळी लवकर करणार होते. माझं व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलेलं. अमेरिका सोडलीत तर परत येता येईल याची खात्री नाही, असं वकिलाने आधीच सांगितलं होतं. भावालाही ते माहीत होतं. त्याने 'येतेस का' विचारलंच नाही. फोन ठेवून मी मीटिंगमध्ये परत गेले आणि माझे सगळे मुद्दे नीट सांगितले.

साडेतीनला लेक शाळेतून आली. अकरा वर्षांची, इथेच जन्मलेली. तिला सांगितलं. ती रडली, मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग डोळे पुसून तिने विचारलं, "आई, डिड यू ईट?"

"आज घरात चूल पेटवायची नसते."

"पण आपल्याकडे चूल नाहीये. इंडक्शन आहे."

ती थट्टा करत नव्हती. तिने फ्रीजरमधून एदामामेचं पाकीट काढलं. म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा. जपानी लोक जेवणाआधी खातात. मैत्रिणीच्या घरून ती हे शिकून आली होती. मी सवयीने कुकर काढला.

"नो कुकर! दे गेट मुशी."

मग लगदा होऊ नये म्हणून पातेल्यात पाणी उकळलं, मूठभर मीठ घातलं, शेंगा टाकल्या. पाच मिनिटांत हिरव्यागार झाल्या. चाळणीत निथळून वर जाडं मीठ भुरभुरलं.

याच शेंगांबद्दल मी एकदा आईला फोनवर सांगितलं होतं. थंडीत ओल्या तुरीच्या शेंगा ती अशाच उकडायची. ती हसली होती, "सोयाबीन? ते तर तेलाच्या गिरणीत जातं बाई!"

शेंग दातांत धरायची, ओढायची, दाणे तोंडात. मी अख्खा वाडगा संपवला. ओठांना मीठ झोंबत होतं, बाकी काही जाणवत नव्हतं.

संध्याकाळी, तिकडे सकाळ झाल्यावर, भावाने अंत्यविधी दाखवायला व्हिडिओ कॉल लावला. चित्र सारखं अडकत होतं. लेक माझा हात धरून बसली होती.

"दिसतंय ना तुला?" भावाने विचारलं.

"दिसतंय," मी म्हटलं.

रडू आलं ते तीन आठवड्यांनी, दुकानासमोर गाडी पार्क करताना. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला, म्हणून मी पुढे सरकले.