राजपुत्र बुडाला ते तळं

लॉकडाऊन लागला तेव्हा आम्ही नेदरलँड्समध्ये नीउ-व्हेनेपला राहत होतो. नवरा सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेला आणि विमानंच बंद झाली. घरात मी आणि नऊ वर्षांची लेक, दोघीच. शाळेने तिला ऑनलाइन भाषण करायला सांगितलं होतं: आपल्या गावाची एखादी जुनी गोष्ट. मला कुठली माहीत असणार? मग शेजारच्या डच आजींना विचारलं. त्या पूर्वी शाळेत इतिहास शिकवायच्या. कुंपणापलीकडे त्या खुर्ची टाकून बसल्या, अलीकडे आम्ही, मध्ये दीड मीटर.

"हे गाव पूर्वी पाण्याखाली होतं," त्या म्हणाल्या. "मोठं तळं होतं, पुढे पाणी उपसून ते कोरडं केलं. त्याआधी त्यात एक राजपुत्र बुडाला."

राज्य गमावून हेगला आश्रयाला आलेल्या राजाचा तो थोरला मुलगा. लहानपणीच घर सुटलेलं. पुढे लायडनला शिकला, हुशार निघाला. पंधराव्या वर्षी वडिलांबरोबर ॲमस्टरडॅमला निघाला, शत्रूकडून लुटून आणलेला खजिना पाहायला. हिवाळा होता, अंधारून आलं होतं. एक मोठी होडी त्यांच्या होडीवर आदळली. राजाला लोकांनी ओढून वर घेतलं. मुलगा मात्र वडिलांना हाका मारत राहिला. दुसऱ्या दिवशी सापडला तो डोलकाठीला बिलगून गोठलेला.

"त्याचा बाबा त्याला आणायला परत का नाही गेला?" लेकीने विचारलं.

"जाता आलं नाही, पोरी," आजी म्हणाल्या. "पण त्यानंतर तो पूर्वीसारखा राहिलाच नाही म्हणतात."

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर तिने ती गोष्ट बाबाला सांगितली. एरवी इंग्रजीत उत्तरं देणारी, त्या दिवशी अडखळत मराठीत बोलली. शेवटी म्हणाली, "तू येशील ना?"

"पहिल्या विमानाने," तो म्हणाला आणि त्याने फोन छताकडे वळवला. बराच वेळ आम्ही दोघी त्याचा पंखा बघत बसलो.

भाषण छान झालं. एका मुलाने विचारलं, "तळं नक्की कुठे होतं?" तर हिने खाली फरशीकडे बोट दाखवलं.

जुलैमध्ये नवरा आला. दोन आठवडे वरच्या खोलीत वेगळा राहिला. लेक त्याचं ताट दाराशी ठेवायची आणि जिन्यात बसून बंद दाराशी तासन्‌तास गप्पा मारायची, चक्क मराठीत. मी खाली कणीक मळता मळता ऐकत असायची. इतकं मराठी ती नंतर कधी बोलली नाही.