महारुद्र भाऊंचं लायसन

माझा भाचा महारुद्र याला मोटारसायकल चालवण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं. तेही येत नव्हतं, हे त्याला एकतिसाव्या वर्षी कळलं.

मी भगवानराव, एस.टी.त चौतीस वर्षं ड्रायव्हर होतो. पाथरी-परभणी, पाथरी-सेलू, कधी नांदेड. एवढ्या वर्षांत गाडीला कुणाचा धक्का लागू दिला नाही. त्या उंच सीटवरून या दुचाकीवाल्यांचा तमाशा मी रोज बघितला आहे. एका गाडीवर तिघं, मधल्याच्या मांडीवर बकरू, चालवणारा मोबाइल कान आणि खांद्यात दाबून मान वाकडी करून निघालेला. आपण हॉर्न दिला तर मागचा वळून आपल्यालाच डोळे वटारतो. यांना बाप जन्माला घालतो आणि ब्रेक आम्ही मारतो.

महारुद्र या सगळ्यांचा मुकुटमणी. काळा गॉगल, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, नंबरप्लेटवर मोठ्या अक्षरात ‘भाऊ’ आणि त्याखाली मुंगीएवढा नंबर. घरापासून फाट्यापर्यंत रस्ता दोन किलोमीटर, पण हा दोन्ही हात हँडलवर ठेवून कधी गेला नाही. पारावर चार म्हातारे दिसले, डावा हात वर. पिठाच्या गिरणीत कुणी दिसलं, हात वर. म्हैस घेऊन निघालेला उपवर पोरीचा बाप दिसला, हात वर. पुढारी होण्याची ही पहिली पायरी आहे असं त्याला कुणीतरी सांगितलं असावं. ग्रामपंचायतीला उभा राहिला तेव्हा एकवीस मतं पडली, त्यातली तीन घरची. तरी वाढदिवसाला फाट्यावर बोर्ड लागतो, ‘भावी सरपंच’. आम्ही एस.टी.वाले समोरून दुसरी गाडी आली की हात करतो, पण ती गोष्ट वेगळी. ती ड्युटीवरची ओळख असते.

त्याची आई धुरपताबाई माझी थोरली बहीण. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. शेत ती बघते, चार शेळ्या ती बघते, आणि लेकाच्या शर्टाला इस्त्रीही तीच करते. लेक दिवसभर फाट्यावर समाजकार्य करतो. मी काही बोललो की म्हणायची, “भगवान, त्याला नको बोलू बाबा. लगीन झालं की येईल वळणावर.” मी म्हणायचो, “अक्का, आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठून येणार?” दाजी हयात असताना कसे होते ते मला माहीत होतं.

पण लग्न होईना. सहा वर्षं आम्ही स्थळं बघत होतो. शेतकरी मुलगा म्हटलं की मुलीकडचे चहासुद्धा अर्धा ठेवून उठतात. अक्कानं उपास धरले. शेजारणी बारशाचं बोलावणं द्यायला आल्या की ती शेळ्या सोडायचं निमित्त काढून रानात जायची. मला राग भाच्याचा यायचा आणि जीव तिच्यासाठी तुटायचा.

शेवटी पूर्णेचं स्थळ माझ्या ओळखीतून आलं. चंद्रभान म्हणून रेल्वेतले गृहस्थ, रुळांच्या देखरेखीवर आयुष्य काढलेले. दोन मुली. धाकटी निकिता औषधाच्या दुकानात नोकरीला, स्कूटी चालवणारी, लायसन असलेली. थोरली घरी परत आलेली. तिचा नवरा मोटारसायकलवरून जाताना उभ्या ट्रॉलीवर आदळला आणि जागीच गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं, खिशात लायसन नव्हतं. विमावाल्यांनी कागद परत पाठवले.

चंद्रभान मला म्हणाले, “ड्रायव्हर साहेब, आमाला तुमचा पैसा नको, मानपान नको. मुलगा निर्व्यसनी हाय, तुमी मधी हाव, आमची ना न्हाई. पण आधी त्यानं लायसन काढावं. स्वतः परीक्षा देऊन. मग मी सुपारी फोडायला येतो.”

सहा वर्षांत एवढी सोपी अट कुणी घातली नव्हती. अक्कानं देवापुढं नारळ ठेवला. भाचा हसला.

“मामा, चौदा वर्षांपासून गाडी चालवायलोय मी. लायसन काय, योगीराजला सांगितलं की घरी येतंय.”

योगीराज पाथरीत झेरॉक्सच्या दुकानाबाहेर टेबल टाकून फॉर्म भरून देतो. तो भाच्यापेक्षा शहाणा निघाला. “फॉर्म मी भरतो भाऊ,” तो म्हणाला, “पण आठ तुमालाच काढावा लागतो. आर.टी.ओ.चे साहेब लय कडक हायत.”

आधी शिकाऊ लायसन, त्याची परीक्षा मोबाइलवर. रस्त्यावरच्या खुणा ओळखायच्या. भोंग्यावर तिरपी रेघ मारलेलं चित्र आलं. शाळेतलं पोरगंसुद्धा सांगेल, इथं हॉर्न वाजवू नका. आमच्या भाऊंनी उत्तर दिलं, ‘हॉर्न वाजवा’. अरुंद पुलाच्या चित्राला बघून म्हणाले, “मामा, ही बाटली कशाची हाय?” नापास झाले. मग मी आठ दिवस त्याला खुणांचं पुस्तक घेऊन बसवलं. दुसऱ्या वेळी काठावर पास झाला आणि त्याच संध्याकाळी मित्रांना पार्टी दिली. गाडीला लाल रंगाचा ‘एल’ लावायचा असतो, तो यानं नंबरप्लेटच्या मागं लावला. का, तर इज्जत जाते.

महिन्यानं पाथरीत आर.टी.ओ.चं शिबिर होतं. मैदानात चुन्यानं मोठा आठ आखलेला. पाय न टेकवता, रेघेबाहेर न जाता त्यातून गाडी काढायची, एवढीच परीक्षा. सरावाला चल म्हणून मी रोज फोन करत होतो. “मामा, त्यात काय सराव करायचा?” हे रोजचं उत्तर. परीक्षेला येताना पाच मित्र घेऊन आला, जणू उमेदवारी अर्ज भरायचा होता. त्यातला सोनू म्हणजे त्याची सावली. हेल्मेट माझ्याकडून मागून घेतलं, कारण घरात एवढे गॉगल, पण हेल्मेट एकही नव्हतं.

त्याच्या आधी एक विशीतली मुलगी घाबरत घाबरत आठ काढून गेली. मग भाऊ निघाले. पहिलं वळण बरं घेतलं. मधल्या चौफुलीवर आले आणि कुंपणाबाहेरून सोनू ओरडला, “महारुद्र भाऊऽ!”

डावा हात वर गेला. क्लच सुटला, गाडीनं आचका दिला, बंद पडली, आणि पांढऱ्या बुटाचा पाय चुन्याच्या रेघेवर जाऊन बसला. भाऊंचा हात तेव्हाही वरच होता.

साहेबांनी कागदावरून मानही वर केली नाही. “सात दिवसांनी परभणीला या,” म्हणाले आणि पुढचं नाव पुकारलं.

मला मनापासून हसू आलं, खोटं कशाला सांगू. चौदा वर्षांचा रुबाब एका ‘भाऊ’नं उतरवला होता. मित्र म्हणायला लागले की चुनाच चुकीचा आखला होता. भाचाही मान डोलावत होता. संध्याकाळी अक्काकडे गेलो तेव्हा मात्र माझं हसू गेलं. ती चहा ठेवायला उठली आणि चुलीपुढं तशीच बसून राहिली.

मी चार जोडी कपडे मागवून तिथंच मुक्काम ठोकला. खळ्यावर चुन्यानं आठ आखला. पहिल्याच दिवशी कळलं, गाडी त्याला चालवता येत होती, हात त्याच्या ताब्यात नव्हता. कडेनं कुणीही गेलं की तो आपोआप उठायचा. त्याला कळायचंही नाही. मी अक्काच्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडली आणि त्याचं डावं मनगट हँडलला बांधलं.

“मामा, लोक बघायलेत,” तो म्हणाला.

“बघू दे. एकवीस मतं हायत, ती बी जातील. चल.”

मग अक्काला मी खळ्याच्या कडेला उभं केलं. तिनं दर फेरीला मोठ्यानं म्हणायचं, “राम राम, महारुद्र भाऊ!” पोटच्या पोराला भाऊ म्हणायला ती लाजायची, पदर तोंडाला लावायची, पण म्हणायची. ती म्हणाली की चिंधी ताणायची, हात तडफडायचा, गाडी डगमगायची, आणि मी शिव्या द्यायचो. तीन दिवस चिंधी होती. चौथ्या दिवशी सोडली. सहाव्या दिवशी अक्कानं सात वेळा राम राम घातला आणि हात हँडलवरून हलला नाही. अक्का खळ्यातच बसली आणि रडली. मी तिला रागावलो, कारण माझ्याही डोळ्यात पाणी यायला लागलं होतं.

परभणीला आम्ही दोघंच गेलो. सोनूला मी खोटा वार सांगितला होता. भाच्यानं आठ काढला, हळू, ओठ दाबून, दोन्ही हात जागेवर. साहेब म्हणाले, “ठीक.” तो गाडीवरून उतरून माझ्या पाया पडला. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा अभिमान वाटला. वाटलं, अक्का म्हणत होती ते खरं असावं, वळणावर येईल.

पंधरा दिवसांनी पोस्टानं कार्ड आलं. मी चंद्रभानांना फोन केला. ते म्हणाले, रविवारी येतो. अक्कानं अंगण सारवलं, पुरणाचं ठरवलं. मी सेलूहून नवा टॉवेल-टोपी आणली. सुपारी, नारळ, सगळं ताटात मांडून ठेवलं.

रविवारी अकराच्या सुमारास चंद्रभान आले, बरोबर त्यांचे एक चुलतभाऊ. पाणी घेतलं. चहाला हात लावला नाही. ताटाकडे बघितलंही नाही.

“ड्रायव्हर साहेब,” ते हळू आवाजात म्हणाले, “फाट्यावर बोर्ड बघितला.”

मला काही माहीत नव्हतं, आदल्या संध्याकाळी मी आलो तेव्हा फाट्यावर बोर्ड नव्हता. मी भाच्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

“आमच्या थोरल्या जावयाचा असाच बोर्ड लागला होता,” चंद्रभान म्हणाले. “असाच गाडीवर बसलेला फोटो. असाच गॉगल. असाच हात वर. फक्त वर भावपूर्ण श्रद्धांजली लिहिलं होतं. तो बोर्ड चौकात महिनाभर होता. माझी पोरगी रोज त्याच्याखालून जायची.”

अक्का दारात उभी होती. तिला आधी समजलंच नाही, माझ्याकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीनं बघत राहिली. चंद्रभान उठले, तिच्यापुढं हात जोडले. “बाई, तुमच्यावर राग न्हाई. फोटो मी फाट्यावरूनच निकिताला पाठवला. ती न्हाई म्हणाली.”

ते गेल्यावर मी भाच्याला गाडीवर मागं बसवलं आणि फाट्यावर गेलो. दहा फुटी बोर्ड. ‘युवकांचे आधारस्तंभ मा. महारुद्र भाऊ यांना वाहन परवाना मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ गाडीवर भाऊ, मागं सोनू आणि आणखी एक. तिघांत एक हेल्मेट नाही. भाऊंचा डावा हात पार बोर्डाच्या कडेपर्यंत वर. खाली गोलात मित्रांचे चेहरे, शुभेच्छुक म्हणून. लायसन मिळाल्याचा बोर्ड जगात आमच्याच फाट्यावर लागत असावा. मूर्खपणाला छापखाना मिळाला की तो असा रस्त्यावर उभा राहतो.

“बोर्ड मी न्हाई लावला मामा,” तो म्हणाला. “सोनूनं लावला.”

“आणि फोटोला बसलं कोण?”

तो खांबावर चढून दोऱ्या कापायला लागला. मी खाली उभा राहून तोंडाला येईल ते बोललो. त्याच्या आईचे उपास काढले, खळ्यातला राम राम काढला, त्याच्या बापालाही सोडलं नाही. शेवटी म्हणालो, “हा हात वर करायची घाण सवय तुला लावली तरी कुणी रे?”

त्यानं वरून खाली बघितलं. त्याच्या आवाजात राग नव्हता.

“तुमीच की मामा. सुट्टीत मला केबिनमधी तुमच्या शेजारी बोनेटवर बसवून न्यायचाव. समोरून एस.टी. आली की तुमी हात करायचाव. मी बी करायचो. तुमी म्हणायचाव, शाब्बास, भाचा ड्रायव्हर होणार. कंडक्टरला बी दाखवायचाव.”

बोर्ड एका बाजूनं सुटून माझ्या पायाशी पडला. मी तो गोळा करायला वाकलो. तेवढ्यात सेलूकडून पाथरीची गाडी आली. माझ्या हाताखाली शिकलेला भागवत ड्रायव्हर स्टेअरिंगवर होता. त्यानं मला ओळखलं, हॉर्न दिला आणि हात वर केला.

माझा हात वर गेला. महारुद्रनं खांबावरून तो बघितला आणि दुसरी दोरी कापायला घेतली.